पेन्सिलीवरचे तीन वेढे

"काकू, रॅकच्या मागे काय शोधताय? निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत, ती काही तिथे सापडायची नाहीत!" मॅनेजर दारातूनच म्हणाला.

काकू फायबरचे घरंगळलेले टोपण शोधत होत्या. टोपण सापडले, पण त्याच्या शेजारी जे दिसले, त्यामुळे मॅनेजरला उत्तर द्यायचे राहूनच गेले. काकूंनी कोणाचे उत्तर बाकी ठेवल्याचे आजवर ऐकिवात नव्हते.

फायबरचा, म्हणजे प्रकाश वाहून नेणारा, तंतू एका पेन्सिलीवर गुंडाळलेला होता. तीन वेढे, वर चिकटपट्टी. वेढे त्यांनीच घातलेले.

मोजणीच्या खोलीत काकूंना एकतीस वर्षे झाली होती. सगळेच त्यांना काकू म्हणत. मॅनेजरही म्हणे, तो त्यांच्याहून वर्षभराने मोठा होता आणि हा हिशेब कोणी करू नये म्हणून केस काळे करी. कंपनी रिसीव्हर बनवायची, म्हणजे फायबरमधून आलेल्या प्रकाशाचा विजेचा सिग्नल करणारी सर्किटे. प्रकाश कमी पडला तर रिसीव्हरला ऐकू येत नाही. जास्त झाला तर ठसका लागतो आणि पडद्यावरच्या लाटेचे माथे चेपतात. सिग्नल किती बिघडला हे काकू मोजत आणि कागदावर सही करत. पुढे तो कागद कोणी वाचत नसे. "काकूंनी मोजलंय ना?" एवढे पुरे. कोणाकडे घर असते, कोणाकडे जमीन. काकूंची कमाई म्हणजे हे वाक्य.

जुनी सर्किटे पूर्ण प्रकाशात गुदमरत, म्हणून वर्षापूर्वी काकूंनी हे वेढे घातले होते. तंतू घट्ट वाकवला की थोडा प्रकाश वाटेतच गळतो. सोय तात्पुरती होती, आणि तात्पुरत्या सोयीइतके दीर्घायुष्य कशालाच नसते. गेल्या शुक्रवारी तरुण डिझाइनवालीने आखलेले नवे सर्किट मोजताना काकूंनी प्रकाश तपासला तो फायबरमध्ये प्रकाश सोडणाऱ्या दिव्याच्या तोंडाशी. रिसीव्हरच्या तोंडाशी पाहिलेच नाही; मधले वेढे विसरल्या होत्या. बिघाड निघाला शंभरात दोन. ग्राहकाला पाचाच्या आत हवा होता. आठ महिने डोके फोडलेल्या त्या मुलीने काकूंना मिठी मारली होती.

काकूंनी दार लावले, वेढे सोडले आणि पुन्हा मोजले. अकरा.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी नवऱ्याला फोन लावला. ते निवृत्त शिक्षक. सगळे ऐकून घेऊन म्हणाले, "मी एकदा एका पोराला बेरीज चुकून नापास केलं होतं. सुट्टीत लक्षात आलं. बोललो नाही."

"मग?"

"मग काय! अजून रस्त्यात भेटला की 'सर' म्हणतो, आणि मी समोरच्या दुकानात शिरतो. काही घ्यायचं नसतं गं तिथलं."

काकूंनी डबा न उघडता होता तसाच ठेवला आणि उठल्या.

मॅनेजरने आधी खोलीचे दार लावले, मग आवाज खाली आणला. "काकू, झाकली मूठ सव्वा लाखाची. ग्राहकाकडे कुठला आलाय एवढा प्रकाश?"

"असेल, नसेल. पण कागदावर 'पूर्ण प्रकाश' लिहिलंय आणि खाली सही माझी आहे."

"मी दोन म्हणून कळवून बसलोय हो!"

"तर आता अकरा कळवा. एका दमात नाही जमलं तर दोन दमात."

डिझाइनवालीला सांगणे जड गेले. ती पडद्यावरच्या चेपलेल्या माथ्यांकडे बघत राहिली. "मला तेव्हाच शंका यायला हवी होती," ती म्हणाली. "इतकं चांगलं माझं काही निघत नाही." मग काकूंकडे न बघता म्हणाली, "आईला फोन करून सांगितलं होतं मी."

काकूंनी खुर्ची ओढून तिच्या शेजारी मांडली.

नऊ दिवस दोघी त्याच टेबलावर होत्या. जादा प्रकाशामुळे येणारा प्रवाह बाजूला काढायला मुलीने सर्किटात एक वाट ठेवली होती. ती अर्ध्यातच तुंबत होती. वाट रुंद केली, तर मंद प्रकाशातला सिग्नल खरखरू लागला. शेवटी मुलीने ती वाट ठरावीक मर्यादेनंतरच उघडेल अशी केली. ती बदल करी, काकू मोजत. आठ. सात. पुन्हा नऊ. ("हे कसं काय?" "मला काय विचारतेस, तूच केलंयस!") मग सहा. आणि दहाव्या दिवशी सकाळी, साडेचार.

मॅनेजरने ग्राहकाला हा आकडा कोणी गेल्याची बातमी द्यावी तशा आवाजात सांगितला. ग्राहक म्हणाला, "पाचाच्या आत आहे ना? मग झालं."

त्याच दुपारी काकूंनी मॅनेजरपुढे कागद ठेवला. यापुढे प्रत्येक मोजणीवर दोन सह्या हव्यात. दुसरी, स्वतः तपासून बघणाऱ्याची.

"अहो, कशाला? तुमच्यावर विश्वास आहे सगळ्यांचा."

"राहू दे की. पण दुसऱ्या सहीची चौकट छापून घ्या."

चौकट छापून आली. पहिला कागद साडेचाराचाच. काकूंनी सही केली आणि कागद डिझाइनवालीपुढे सरकवला. तिने पेन उघडले, चौकटीवर टेकवले, पुन्हा उचलले.

"काकू... मी जरा बघू का?"

"म्हणजे काय! बघ."

मुलीने दिव्याच्या तोंडाशी तंतूवर बोट ठेवले आणि बोट तंतूबरोबर पुढे नेऊ लागली. टेबलाच्या कडेने, भिंतीवरच्या पट्टीतून, फळीखाली. तिथे अंधार होता. काकूंनी खणातून टॉर्च काढली आणि तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. बोट सावकाश सरकत होते. काकू प्रकाश त्याच्या वीतभर पुढे धरत होत्या.