वेगळंच आहे हं!

मिनेसोटातल्या एल्मडाल गावात तोंडावर ‘नाही’ म्हणणं म्हणजे पाहुण्याला दाराबाहेर उभं करणं. मारेन तिथलीच, त्यामुळे हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आता ती शहरात आरोग्य खात्याच्या नोकरीला होती आणि गोवराच्या लशीवर लोकांचा किती विश्वास आहे ते विचारत गावात घरोघर हिंडत होती. शेजारच्या गावात गोवर आला होता. तिची धाकटी बहीण सिग्ने इथेच राहायची. तिचं बाळ तान्हं, लस द्यायच्या वयाचंही नव्हतं. गावाने टोचून घेतलं तरच ते वाचणार. आणि विश्वास कमी असेल तिथेच लशीची गाडी जाणार, असा खात्याचा नियम.

"लशीबद्दल काय वाटतं, आर्लिसकाकू?"

काकूंनी कॉफी ओतली, रुबार्बच्या आंबट देठांची गोड वडी पुढे सरकवली. "वेगळंच आहे हं ते!"

"नातवंडांना टोचणार ना?"

"बघू की. तू अजून एक वडी घे बरं!"

मारेनला अर्थ कळला. सुनेच्या नव्या पडद्यांनाही काकू ‘वेगळेच आहेत हं’ म्हणाल्या होत्या, आणि त्यानंतर त्या घरात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. पुढे सगळ्या गावाने तेच उत्तर दिलं. मारेनने शब्द न् शब्द उतरवला.

तिचे साहेब, डॉ. प्रेस्कॉट, बॉस्टनचे; तिकडे लोक मनातलं थेट बोलतात. ते जाम खूश!

"‘वेगळंच’ म्हणजे कुतूहल! ‘बघू’ म्हणजे तयारी! आणि वर प्रत्येकाने वडी दिली? अगं, विश्वास नुसता ओतू जातोय. यांना गाडी कशाला हवी?"

मग भर सभेत त्यांनी विचारलं, "मारेन, तू तर तिथलीच. कसा वाटला माझा अहवाल?"

साफ चुकलाय, एवढंच म्हणायचं होतं. पण मेली जीभ एल्मडालची! आणि साहेबांनी सगळ्यांसाठी डोनटही आणलेले.

"वेगळाच आहे हं," ती म्हणाली. अगदी जीव तोडून म्हणाली. एल्मडालमध्ये एवढ्यावर माणसाने महिनाभर तोंड दाखवलं नसतं.

"थँक यू!" साहेब चक्क लाजले, आणि त्यांनी पान उलटलं.

संध्याकाळी सिग्नेचा फोन आला. मागे बाळ किरकिरत होतं.

"ताई, आर्लिसकाकूंच्या नातवंडांना पुरळ उठलंय गं. रविवारी चर्चमध्ये त्याच पोरांनी बाळाला मांडीवर घेतलं होतं. गाडी येतेय ना?"

"नाही," मारेन म्हणाली.