सूर लागण्याआधी

इंधन फवारणाऱ्या तोटीचं तोंड करंगळीच्या नखाएवढं, त्याभोवती आठ बारीक पाती, आणि त्यातल्या एका पात्याची कड वितळून थेंबासारखी लोंबत राहिलेली... नागवेणीने ती बोटांत फिरवली. इंधनाचा वास अजून होता की नुसता आठवत होता, कोण जाणे. मग तिने ती परत कागदावर ठेवली, कागद उडू नये म्हणून. पंखा तर बंदच होता. जानेवारीत बंगळुरात पंखा कोण लावतं?

कागदावर तीन चौकोन होते. कर्मचारी कानांवर संरक्षक टोप्या वापरत होता. वापरत नव्हता. सूचना देऊनही वापरत नव्हता. खाली प्रयोगप्रमुखाची सही, म्हणजे तिची.

"एक खूण करायची मॅडम, बस," कार्यालयातले फ्रान्सिस सकाळी फोनवर म्हणाले होते. "मुद्दुरंगय्या स्वतःच भरपाईचा हा कागद न्यायला येतोय आज. वापरत होता म्हणालात तर बहिरेपण कामामुळे आलं नाही असं ठरेल. सूचना देऊनही म्हणालात तर चूक त्याची."

"आणि मधलं?"

"मधलं केलंत तर विचारतील, तुम्ही काय करत होतात?" असं म्हणून ते हसले. त्यात टोमणा नव्हता, हसायची सवय.

काय करत होतात? — ज्योत बघत होते. नऊ वर्षं. विमानाच्या इंजिनात जळणारी ज्योत साऱ्या जगाला हवी होती ती कमी इंधनाची, कमी धुराची, आणि अशी उपाशी ठेवलेली ज्योत स्वभावानेच चंचल. एक तर विझते, नाही तर गाऊ लागते. झोपाळ्याला नेमक्या वेळी पाय मारावा तसा ज्वाळेचा भडका हवेच्या दाबाला झोका देतो, दाब ज्वाळेला देतो, आणि बघता बघता चाचणीची सगळी भट्टी एका सुरात हंबरू लागते. दोन-तीन सेकंदांत जाड पत्र्याला तडे. का, केव्हा, कुठल्या तोटीशी — समीकरणं होती, पण एका तोटीला लागू पडलेलं दुसरीला पडत नव्हतं. यंत्रं तो सूर टिपायची, पण लागल्यावर. लागण्याआधी तो फक्त एका माणसाला ऐकू यायचा.

"गळा खाकरते ती," मुद्दुरंगय्या म्हणायचा. "गाण्याआधी माणूस खाकरतो ना अम्मा, तश्शी."

तो भट्टीपलीकडच्या बोळात झडपांपाशी उभा राहायचा, आणि तिला जाड काचेतून दिसायचा. पहिल्यांदा त्याने कानांवरच्या टोप्या काढून गळ्यात अडकवल्या तेव्हा तिने ध्वनिवर्धकाचं बटण दाबलं होतं; 'घाला ते कानांवर' हे शब्द ओठांवर आले होते — आणि तेवढ्यात त्याचा हात वर गेला. तिने इंधन तोडलं. नंतर नोंदी पाहिल्या, तर यंत्राच्या कितीतरी आधी त्याचा हात... भट्टी वाचली होती. ते वाक्य राहून गेलं. त्यानंतर तिने ते बटण कधी दाबलं नाही. विसरले म्हणावं तर तसंही नाही. दर वेळी तिचं बोट बटणावर असायचं, आणि डोळे त्याच्या हातावर.

तिच्या गाजलेल्या निबंधात एक आलेख होता, त्यावर अकरा ठिपके, अकरा वेळा वर गेलेला त्याचा हात. परदेशातल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने विचारलं होतं, हे इतक्या लवकर कसं टिपलंत? अनुभवाने, असं ती म्हणाली होती. टाळ्या पडल्या होत्या. कुणाच्या अनुभवाने, हे कुणी विचारलं नाही.

"मॅडम!"

दारात तो उभा होता, आणि व्हरांड्यातून दोघे-तिघे वळून पाहत होते, इतका मोठा त्याचा आवाज. हातात वालाच्या शेंगांची पिशवी. "अवरेकाई! शेतातली! सोलून नाही आणली, बायको म्हणाली त्यांना सोलायला सांगा, शास्त्रज्ञ आहेत, जमेल!" आणि स्वतःच खो खो हसला.

ती हसली नाही. खुर्ची पुढे केली. तो बसला, तसा केवढा बारीक झालेला दिसला.

"मुद्दुरंगय्या, मी बघत होते," ती म्हणाली. इतकी वर्षं अडलेलं वाक्य, इतक्या सहज. "तुम्ही टोप्या काढायचात ते मला दिसायचं. मी थांबवलं नाही."

तो तिच्या ओठांकडे पाहत होता, मान डोलावत. "झालं की! जेवण करूनच निघालो. नाचणीचे मुद्दे आणि सारू!"

तिने कोरा कागद ओढला आणि कन्नडमध्ये, मोठ्या अक्षरांत, लहान मुलाला लिहून द्यावं तसं तेच वाक्य लिहिलं आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

त्याने चष्मा लावला. एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं, पुन्हा वाचलं. आता चिडेल, तिला वाटलं. चिडावं, असंही वाटलं. निदान उठून जावं.

"ठाऊक होतं की," तो म्हणाला. पहिल्यांदाच हळू, इतकं हळू की त्याचं त्यालाही ऐकू आलं नसेल. "तुम्ही बघताय म्हणून तर काढायचो."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली. त्याला ती कळली नाही. तो पिशवीची गाठ सोडून शेंगा वर-खाली करत होता, चांगल्या वर याव्यात म्हणून.

तिने पेन उचललं. मधल्या चौकोनावर टेकवलं आणि तसंच धरून राहिली. इतके दिवस वाटत होतं की तो ज्योतीसाठी कान द्यायचा. ज्योत निर्दय असते, तिला दोष देता येतो. आणि तो तर काचेमागच्या दोन डोळ्यांसाठी... ते डोळे एकदाही त्याच्या चेहऱ्यापर्यंत गेले नव्हते, हातावरच थांबले होते. चौकोन भरता येईल, सहीही करता येईल, जे विचारतील त्याचं उत्तरही देता येईल कदाचित — पण या माणसाला त्या नऊ वर्षांत नेमकं काय हवं होतं, हा प्रश्न तिला आत्ता पडत होता, आज, आणि मोठ्याने विचारण्याची सोय उरली नव्हती.