सनरूफच्या नळीत नाकतोडे

मी एक नळी आहे. बोटाएवढी जाड, रबराची, कंपाला शहरात फिरणाऱ्या एका जुन्या गाडीच्या छतात लपलेली. सनरूफच्या काचेभोवती पन्हळ असते. तिच्यात साचलेलं पाणी मी गुपचूप पुढच्या चाकामागे नेऊन सोडते. माणसांना सनरूफ मिरवायची भारी हौस. नळी कोणी कोणाला दाखवत नाही.

माझा जन्म जपानचा. तिथल्या मालकाने सनरूफ कधी उघडलंच नाही, त्यामुळे त्या आयुष्यात सांगण्यासारखं काही नाही. मग बोटीतून इकडे आले आणि मुगालुलाच्या हाती पडले. हा गडी भाजी आणायलासुद्धा सनरूफ उघडून जातो.

नोव्हेंबरात नाकतोड्यांचे थवे आले. सारं शहर ते तळून खातं. मुगालुलाला मात्र बंदी, कारण नाकतोडा हे त्याच्या कुळाचं देवक, आणि कुळाचं नावही तेच. म्हणून त्याने चोरून पिशवीभर जिवंत नाकतोडे घेतले, केळीच्या बागेआड गाडी लावली, वास जावा म्हणून सनरूफ उघडलं आणि एकटाच पंख-पाय तोडत बसला. अर्धे पंख वाऱ्याने माझ्या तोंडात. काही नाकतोडे तर जीव वाचवायला स्वतःच आत शिरले. वाचले नाहीत. माझा घसा गच्च बुजला.

शनिवारी मुगालुलाला मसाका गावी, मुलीच्या घरी लग्नाची मागणी घालायला जायचं होतं. आदल्या दुपारी त्याची फेबे आत्या गाडी बघायला आली. ती पुढच्या सीटवर टेकते न टेकते तोच पाऊस आला आणि छतातल्या दिव्यातून तिच्या डोक्यावर धार लागली.

"अरे मेल्या, ही गाडी आहे की मोरी? उद्या मी रेशमी पोशाख घालून यात बसू? मी येणार नाही!"

इथे मागणी घालायला मुलाची आत्याच पुढे लागते; आत्या नाही तर मागणी नाही. मुगालुलाचा चेहरा पडला.

"आत्या, काचेला डिंक फासतो ना."

"फासलेला दिसतोय मला. पन्हळीत पाणी तुंबलंय, म्हणजे भोक बुजलंय. मासे धरायची नायलॉनची दोरी आण."

"राहू दे, आत्या, हात खराब होतील."

"दोरी आण म्हणते ना!"

दोरी आली. आत्याने ती हळूहळू माझ्या घशात सरकवली. मला इतक्या गुदगुल्या झाल्या! मग तिने दोरी बाहेर ओढली. टोकाला काहीतरी हिरवं चिकटलं होतं.

"हे काय?"

"पान असेल."

"पानाला गुडघा असतो?"

मुगालुला चपलेकडे बघू लागला. आत्या एकेक पंख बोनेटवर मांडत गेली. शेवटी तिने तांब्याभर पाणी पन्हळीत ओतलं. ते माझ्यातून खळखळ चाकामागे पडलं.

"हिचा घसा मोकळा झाला," ती म्हणाली. "उद्या व्याह्यांसमोर कुळाचं नाव सांगताना तुझा अडकला नाही म्हणजे मिळवलं."

शनिवारी वाटेत धो धो पाऊस झाला. आत्यावर थेंब पडला नाही. मुगालुलाने कुळाचं नाव खणखणीत सांगितलं. आत्या नुसती खोकली. मुलीकडच्यांनी होकार दिला.

हल्ली माझं बरं चाललंय. तुमच्याही गाडीत माझी बहीण असेल. पावसाआधी तिच्या तोंडात थोडं पाणी ओतून बघा, एवढंच मागणं. मी मुगालुलालाही हेच सांगितलं असतं, पण मसाकाहून परतताना, बाजारातल्या तळणाचा वास आला तेव्हा आत्या हळूच विचारत होती, "चवीला कसे लागतात रे?"

त्याने घाबरत घाबरत सांगितलं.

आत्याने पर्समधून सुट्टे पैसे काढले. मग म्हणाली, "गाडी थांबव. आणि आधी ते सनरूफ बंद कर."