एकसष्टावा कारखाना

प्रासोजोच्या प्रबंधाला इतकी वर्षं लागली, की पहिल्या प्रकरणाच्या कागदांवर ज्या मांजरीनं पिल्लं घातली होती, तिची पणतवंडं शेवटच्या प्रकरणावर पाय ताणून झोपू लागली होती. इंडोनेशियातल्या सेमारांगच्या त्या विद्यापीठात लोक त्याला 'डॉक्टर' म्हणायचे, पण ते आदरानं नव्हे. कँटीनवाली बाईसुद्धा भातावर तेंपेचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचा, तुकडा ठेवताना विचारायची, "काय डॉक्टर, यंदा की पुढच्या जन्मी?"

विषय भारदस्त होता. कारखान्यांचे मालक पैशांचे निर्णय कसे घेतात, कर्ज कधी काढतात, नफा कधी वाटतात, आणि सगळ्यात कोड्याचं म्हणजे हातातली रोकड बँकेत नुसती निजवून का ठेवतात. निजलेला पैसा कंपनीला खाली ओढतो, असं प्रासोजोचं म्हणणं होतं. हे म्हणणं त्यानं पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. उरलेली सहा वर्षं ते खरं आहे की नाही हे बघण्यात गेली.

त्यासाठी तो जुन्या मोटरसायकलवरून मध्य जावाभर हिंडला. एका बिस्किटवाल्यानं त्याला चार तास बसवून घेऊन फक्त आपल्या मूळव्याधीची माहिती दिली. एका बाटिकवाल्यानं प्रश्नावली बायकोला भरायला दिली, आणि तिनं 'कंपनीतला मुख्य धोका कोणता?' या प्रश्नापुढे नवऱ्याचं नाव लिहिलं. असं करत करत साठ कारखाने जमले. एकसष्टावा होता लीम सिओक ग्वान यांचा, सोया सॉसचा.

पाक ग्वान त्या वेळी सत्तरी ओलांडलेले होते; तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला 'पाक', बाईला 'बू' आणि तरुण माणसाला 'मास' म्हणतात. अंगणात उन्हात दीडशे रांजण मांडलेले, त्यांत काळं सोयाबीन मुरत पडलेलं, आणि मागच्या शेडमध्ये माडाच्या गुळाच्या कढया. वास असा, की प्रासोजोच्या शर्टाला तो तीन धुण्यांनंतरही यायचा आणि गल्लीतली कुत्री त्याच्या मागून चालायची.

"किती पैसे बँकेत आहेत, पाक?" प्रासोजोनं यादीतला प्रश्न विचारला.

"तीन वर्षांचे पगार. चौऱ्याहत्तर माणसांचे."

प्रासोजोनं पेन खाली ठेवलं. "तीन महिन्यांचे म्हणायचंय का?"

"मी म्हातारा आहे मास, बोबडा नाही."

बाजूच्या टेबलावर त्यांची मुलगी मेलिन बिलं बघत होती. चाळिशीची, सिंगापूरला शिकून आलेली. मान वर न करताच ती म्हणाली, "लिहून घ्या, मास. तो पैसा तिथं घोरतो. शांत बसलात तर इथं ऐकू येतो."

मग पाक ग्वाननी कारण सांगितलं. सत्त्याण्णव साली त्यांनी नव्या यंत्रासाठी डॉलरमध्ये कर्ज काढलं होतं. बँकेचा माणूस म्हणाला होता, डॉलर कुठे पळून जातोय! वर्षाच्या आत अडीच हजार इंडोनेशियन रुपियांचा डॉलर पंधरा हजारांवर गेला. कारखाना चौदा महिने बंद पडला. सगळी माणसं घरी पाठवली. पुन्हा चूल पेटली तेव्हा एकतीस परत आली. कढईवरचा कार्सिदी आला नाही. तो वीटभट्टीवर गेला होता, तिथंच छातीत धूळ जाऊन मेला. गूळ कधी उतरवायचा हे कार्सिदी फेसाच्या आवाजावरून ओळखायचा. तो आवाज दुसऱ्या कुणाला ऐकू येईना. चव परत यायला सहा वर्षं लागली.

"म्हणून," पाक ग्वान म्हणाले, "तो पैसा झोपलेला नाही. राखणीला बसलाय."

"आणि मी इथं चाळीस वर्षांच्या कढयांवर राखणीला बसलेय," मेलिन म्हणाली. "पप्पा, त्या पैशात नवा कारखाना उभा राहील. वर थोडं कर्ज घेतलं की बास."

हे भांडण घरात रोज भाताबरोबर वाढलं जायचं हे उघड होतं. पण त्या दिवशी समोर विद्यापीठाचा माणूस बसलेला. मेलिनला एकदम सुचलं. "असं करू. मासनी पुस्तक लिहायचं. साठ-एकसष्ट कारखाने बघून पप्पा बरोबर निघाले, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. चूक निघाले, तर चेकवर सही माझी."

म्हातारा जरा वेळ रांजणांकडे बघत राहिला. "चालेल. पण माझं कारण पुस्तकात यायला पाहिजे. पोरगी म्हणते मी घाबरट आहे. घाबरट तर घाबरट, पण का, ते लिहिलेलं असू दे."

"शब्दन् शब्द येईल, पाक," प्रासोजो म्हणाला, आणि त्या क्षणी तो खोटं बोलत नव्हता.

त्या शब्दावर पाक ग्वाननी कपाट उघडलं. चाळीस वर्षांच्या जमाखर्चाच्या वह्या. इतर मालक तीन वर्षांचा ताळेबंद देताना हुंडा दिल्यासारखं तोंड करायचे. इथं मोटरसायकलला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. निघताना म्हातारा म्हणाला, "बंद पडलेल्या कारखान्यांकडेही जाऊन या हं. त्यांनी पैसा कसा ठेवला होता तेही विचारा."

प्रासोजो हसला. "बंद कारखान्याला फॉर्म कुठल्या पत्त्यावर पाठवू, पाक?"

तेही हसले.

चौदावं सत्र लागलं. ऑगस्टअखेर परीक्षा झाली नाही तर नाव कापण्यात येईल, असं पत्र आलं. प्रासोजोनं सगळे आकडे संगणकात घातले आणि निकाल काढला. त्याच्या विद्येत एक पद्धत आहे. आकड्याच्या डोक्यावर छोटा तारा उमटला, की तो योगायोग नाही असं मानतात. तारा नसेल, तर सात वर्षं म्हणजे नुसती सात वर्षं.

तारा आला नाही.

पाच दिवस तो एकेक कारखाना तपासत बसला. साठजण त्याच्या म्हणण्याप्रमाणे वागत होते: रोकड जास्त, तर नफा कमी. एकटा एकसष्टावा वेड्यासारखा वर जाऊन बसला होता. पैशाचा डोंगर निजवलेला, आणि नफाही सगळ्यांच्या पुढे. का, तेही वह्यांमध्ये स्पष्ट होतं. सोयाबीन पडत्या भावात मिळालं की हा म्हातारा रोखीनं गोदाम भरायचा, आणि त्याचा माणूस काम सोडून जायचा नाही. प्रासोजोनं ती ओळ झाकून बघितली. तारा असा लखलखला, की मांजर उठून बसली.

तो मार्गदर्शक बाईंकडे गेला. बू रेत्ना बासष्टच्या, निवृत्तीला तीन महिने राहिलेले. त्या प्रबंध मागून पुढे वाचत, म्हणजे आधी तक्ते आणि मग वेळ उरला तर अक्षरं.

"बू, एक कारखाना बसत नाही."

"मग उभा राहू दे," बू रेत्ना म्हणाल्या. "आकडे चुकलेत का त्याचे?"

"नाही. उलट सगळ्यात पक्के त्याचेच आहेत."

"टोकाचे छाटायचा नियम आधी ठरवला होतास?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला बराच वेळ लावला. "आधी ठरवून छाटलं तर ती पद्धत. निकाल बघून छाटलं तर..." त्यांनी चष्मा चढवला. "तारा नसला तरी प्रबंध होतो, प्रासोजो. पुन्हा लिहावा लागतो, इतकंच. तो म्हातारा का बसत नाही, हाच विषय करावा लागेल."

"किती वेळ लागेल?"

"दीड वर्ष. तुझ्या वेगानं तीन."

"आणि माझ्याकडे आहेत सात आठवडे."

"मग तू काय ते ठरव. मी तक्ता पाहिलेला नाही अजून. सोमवारी पाहीन."

सोमवारी त्या तक्त्यात साठ कारखाने होते. पान एकशे त्रेचाळीसवर तळटीप होती, मुंगीला भिंग लावून वाचावी लागेल अशा अक्षरात: 'एक कारखाना अपुऱ्या माहितीमुळे वगळला आहे.' ते लिहिताना प्रासोजोच्या पाठीशी चाळीस वह्यांची चळत होती. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

पाक ग्वानचं नाव मात्र त्यानं पुस्तकात घातलं. सुरुवातीच्या आभाराच्या पानांवर, जिथं देवापासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळे येतात, तिथं बायकोची मावशी आणि झेरॉक्सवाला यांच्या मधोमध.

खुल्या परीक्षेला अख्खी गल्ली आली. आईनं दीडशे खोके खाऊ भरून आणला होता. सभागृहातला एसी असा, की परीक्षकांनी सकाळी केलेले विनोद हवेतच गोठले आणि लोक दुपारी हसले. पहिल्या रांगेत पाक ग्वान, ठेवणीतला बाटिकचा शर्ट घालून, मेलिनसोबत. परीक्षकांसाठी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा बाटल्या त्यांनी मांडीवर धरल्या होत्या, तान्ह्या बाळांसारख्या.

सव्वा तास सगळं सुरळीत चाललं. मग बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माईक जवळ ओढला. "मला एकच सांगा. रोकड राखून ठेवली आणि तरीही फायद्यात राहिला, असा एकही कारखाना आढळला नाही?"

प्रासोजोनं पाण्याचा घोट घेतला. पहिल्या रांगेतला म्हातारा जरासा पुढे सरकला होता. शाळेत आपला नंबर जवळ आला की मुलं सरकतात, तसा.

"या तक्त्यात," प्रासोजो म्हणाला, "एकही नाही."

शब्द खरा होता, प्रत्येक शब्द. बू रेत्ना आपल्या कागदांत काहीतरी शोधू लागल्या. पाक ग्वान पुन्हा मागे टेकून बसले.

टाळ्या झाल्या, फोटो झाले. पाक ग्वाननी बाटल्या वाटल्या आणि मग नव्या डॉक्टरचा हात दोन्ही हातांत धरला. "अभिनंदन, मास. म्हणजे वीस वर्षं मी चुकलो. बरं झालं जिवंतपणी कळलं."

"पाक, तसं नाही..." प्रासोजोनं सुरुवात केली.

"अहो, विद्यापीठानं सांगितलं. हरलो मी." ते मेलिनकडे वळले. "ये गं, सही करणारी बाई."

मेलिन खुशीत हसली नाही. तिनं बापाच्या शर्टाची कॉलर नीट केली. तेवढ्यात कुणीतरी प्रासोजोला पुढच्या फोटोसाठी ओढलं. आपण ओढले गेलो हे त्याला पुढे बरेच दिवस आठवायला आवडायचं. खरं तर तो स्वतःच गेला होता.

नवा कारखाना दीड वर्षात उभा राहिला. स्टीलच्या टाक्या, निम्मी माणसं, दुप्पट माल आणि बँकेचं कर्ज. वर्षभर चाललाही छान. मग महामारीचं वर्ष आलं. खानावळी बंद, लग्नं बंद, माल गोदामात. राखणीला बसलेलं आता बँकेत कुणी नव्हतं. नवव्या महिन्यात कारखान्याला कुलूप लागलं, उरलेली सदतीस माणसं घरी गेली. प्रासोजोनं ही बातमी स्थानिक पेपरात वाचली. बातमी चार ओळींची होती, त्याच्या तळटिपेपेक्षा थोडी मोठी.

तरी आणखी दीड वर्ष तो पाक ग्वानकडे गेला नाही. वर्गात शिकवायचा, बढती मिळाली, कँटीनवाली आता खरंच आदरानं डॉक्टर म्हणायची आणि तेंपेचे दोन तुकडे ठेवायची. पण कधी संगणकावर बसला, की हात त्या जुन्या तक्त्याकडे जायचा. एकसष्टावी ओळ आत घालायची, तारा विझायचा. बाहेर काढायची, पेटायचा. दिवाळीतल्या माळेचं बटण पोरानं खटखट करावं तसं तो करत राहायचा. शेवटी एका रविवारी प्रबंधाची प्रत पिशवीत घालून तो निघाला.

अंगणात चार रांजण होते. पाक ग्वान वेताच्या खुर्चीत बसले होते, आवाज बारीक झालेला.

"या डॉक्टर. तुमचं पुस्तक आहे माझ्याकडे. माझं नाव बघितलं त्यात. कुणी तरी मावशी आहे शेजारी."

"पुढचं वाचलंत?"

"पुढे आकडे आहेत. नाव सापडलं, मग मिटलं."

प्रासोजोनं पान एकशे त्रेचाळीस उघडलं आणि तळटीप मोठ्यानं वाचून दाखवली. "तो वगळलेला कारखाना तुमचा आहे, पाक. तुम्ही चुकला नव्हतात. तुम्ही माझ्या तक्त्यात बसत नव्हतात."

म्हातारा कपाटाकडे बघत राहिला. वह्या त्यात परत लावलेल्या होत्या, चाळीसच्या चाळीस. "अपुरी," तो म्हणाला, न खाल्लेल्या भाजीचं नाव घ्यावं तसं. मग त्यानं विचारलं:

"त्या साठांतले किती चालू आहेत आता?"

"एकोणीस बंद पडले."

"म्हणजे त्यांनाही फॉर्म पाठवता येणार नाही."

प्रासोजोचं बोट अजून तळटिपेवरच होतं.

"हे सभागृहात बोलायचं होतं, मास. तिथं माईक होता."

"आता बोलतो. बू मेलिनना सांगतो. त्यासाठीच आलोय."

पाक ग्वाननी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "नाही सांगायचं. पोरीला वाटतं, पुस्तक बघून निर्णय घेतला, पुस्तकाप्रमाणे केलं, पुढे नशीब. त्यावर तिला झोप लागते. तू तुझं ओझं उतरवून जाशील आणि ती जन्मभर जागी राहील." त्यांनी पुस्तक मिटून खुर्चीखाली सरकवलं. "तुझं तू वागव."

दारात मेलिन उभी होती, हातात ताटल्या. केस पुष्कळ पांढरे झाले होते. "अरे, डॉक्टर! इतक्या वर्षांनी कसली चौकशी काढलीत?"

प्रासोजोचं तोंड उघडलं.

"भूक लागलीय त्याला," पाक ग्वान म्हणाले. "विद्यापीठात उपाशी ठेवतात. वाढ."

ते आत जाऊन बसले. भात, तळलेले टोफू, मिरची. टेबलावरची सोया सॉसची बाटली दुसऱ्याच कंपनीची होती, सुपरमार्केटचं लेबल अजून चिकटलेलं. पाक ग्वाननी तिच्याकडे न बघता ती प्रासोजोच्या ताटाजवळ सरकवली.