दाराबाहेरची जागा

तिसरीच्या वर्गशिक्षिकेसमोर एकपानी तक्ता होता. दुपारी दोनपर्यंत तो मुख्याध्यापकांकडे द्यायचा होता. विद्यार्थिनीच्या वर्तनाचे कारण: उपजत की घरचे वातावरण? दोन चौकोन, एकात खूण. उपजत म्हटलं की विशेष शाळा. घरचं म्हटलं की वसतिगृह. खूण नसल्यास उपजत धरले जाईल, असं तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं.

मुलगी आठ वर्षांची. वर्ग तिला भिंगरी म्हणायचा. गलका वाढला की ती कान दाबायची, मग हाताला लागेल ते फेकायची. सोमवारी बाकावरच्या शेजारणीच्या कपाळाला तीन टाके पडले होते. फेकून झालं की कोणी काही बोलायच्या आत ती आपणहून उठायची आणि दाराबाहेर, उंबऱ्यापासून दोन फरश्या सोडून, भिंतीकडे तोंड करून उभी राहायची.

तिची आई औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायची. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. तेवीस वर्षांपूर्वी ती याच वर्गात, याच बाईंच्या हाताखाली होती.

"माझ्यावरच गेलीय हो, बाई. तुमचा चष्मा कोणी फोडला होता, आठवतंय ना?"

"दोनदा."

आई हसली. मग तिची नजर तक्त्याकडे गेली.

"घरी मारता का तिला?" बाईंनी विचारलं.

"छे! बोटसुद्धा लावत नाही. तिचा बाप म्हणतो, दे एक ठेवून. मी तुमच्यासारखंच करते. दाराबाहेर, दोन फरश्या सोडून, तोंड भिंतीकडे. हाक मारेपर्यंत हलायचं नाही."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"त्यानं तू शांत व्हायचीस?"

"कुठलं शांत! पाय दुखायचे, एवढंच." आई पुढे झुकली. "तिला कुठे पाठवू नका, बाई. इथंच राहू द्या."

आई गेल्यावर बाईंनी पट्टी घेऊन तिसरा चौकोन आखला. शेजारी लिहिलं: वर्ग. त्यात खूण केली.

मुख्याध्यापकांनी तक्ता उलटसुलट पाहिला. "निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, आणि आता चित्रकला? संगणकात दोनच रकाने आहेत, बाई."

"मग त्यातल्या कशातच खूण नाही माझी."

"नसू दे. ते उपजत धरतील." त्यांनी शिक्का मारला. "सोमवारपासून तिकडे."

बाई वर्गाकडे परतल्या. भिंगरी दाराबाहेर उभी होती.

"काय फेकलंस?"

"अजून काही नाही. आता गाण्याचा तास आहे ना."

बाईंनी तिला आत नेऊन बसवलं. गाणं सुरू झालं. भिंगरीनं कान दाबले. बाईंनी तिच्यासमोरची पाण्याची बाटली उचलली, मग कंपासपेटी, मग पट्टी. बाकावर फेकण्यासारखं काहीच उरलं नाही.

भिंगरी उठली आणि दाराकडे चालू लागली.