देवमाशाच्या हाडाचं तीर्थ

१९८६ चा भादवा. ठाणाकुशनूरच्या बाजारात मंडपाबाहेर सकाळपासून रीघ लागली होती. आत पुरुषभर उंचीची एक बरगडी उभी केलेली. हात लावावा तर गारढोण, आणि खालच्या टोकातून थेंब थेंब पाणी गळत होतं.

"हे देवमाशाचं हाड!" समुद्रनाथ महाराज गरजले. "गोठलेल्या समुद्राचा हा राजा! तिथली थंडी हाडात मुरली आहे. कसलाही ताप ओढून घेतो. पण गोळी खाल्ली, की मासा रुसतो!"

गर्दीतल्या एकानंही कधी समुद्र पाहिला नव्हता.

शाळामास्तर भीमराज आत शिरला. रांगेत त्याची थोरली बहीण चांगुणाबाई उभी होती. खांद्यावर नऊ वर्षांची शेवंता, तापानं फणफणलेली.

"अक्का, इथं कामून आलीस? देव सोडून बुद्धाची वाट धरली, त्याला तीस वर्षं झाली."

"देव न्हाई रे, मासा हाय. दवाखान्याच्या गोळ्यानं ताप उतरंना. तीर्थ पाजायचा आज पाचवा दिवस."

"म्हंजी गोळ्या बंद केल्यास?"

"गोळी खाल्ली की मासा रुसतो म्हणं." तिनं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

भीमराज गर्दीकडं वळला. "ऐका! देवमासा दिसतो मासा, पण त्याचं रक्त आपल्यासारखंच ऊन असतं. थंड समुद्रात तो पोटासाठी जातो. तिथं खाणं भरपूर. थंडी सोसायला अंगावर जाड चरबी असते. पिल्लाला ती पुरेशी नसते, म्हणून कितीतरी माद्या हजारो मैल पोहून ऊन पाण्यात बाळंत होतात. डॉल्फिनच्या काही जाती तर बारा महिने उबदार समुद्रातच राहतात. पाणी गरम-गार झालं, की ह्यांनाच बिऱ्हाड हलवावं लागतं. ह्यात देव कुठं आला? आणि मेलेल्या हाडात थंडी टिकंल कशी?"

"मग पाणी कुठून यायलंय?" रांगेतल्या गुंडाप्पानं विचारलं.

भीमराज स्टुलावर चढला. वरच्या टोकाचा हार काढून त्यानं हाराखाली दडलेलं लाकडी बूच उपटलं आणि बरगडी कलती केली. हाड आतून कोरलेलं होतं. त्यातून बर्फाचे खडे आणि लाकडाचा भुसा भसाभसा खाली पडला.

"बीदरहून आणलेला बर्फ! हाड जाळीदार असतं. वितळलेलं पाणी त्यातून झिरपतं."

मग महाराजांनी दोन्ही हात वर केले. "पाहा! नास्तिकाचा हात लागला आणि तीर्थ गोठलं!"

कुणीतरी हात जोडले. गुंडाप्पानं एक खडा उचलून बायकोच्या दुखऱ्या गुडघ्यावर धरला.

चांगुणाबाईला मात्र कळलं. ती रांगेतून बाहेर पडली. दुपारच्या जीपनं दोघांनी पोरीला बीदरला नेलं. "विषमज्वर आहे. आतड्याला भोक पडलंय," डॉक्टर म्हणाले. "चार दिवस आधी आणायला हवं होतं." तिसऱ्या दिवशी शेवंता गेली.

महिन्याभरात तीच बरगडी कमलनगरात उभी राहिली. रांग आणखी लांब. मंडपाच्या तोंडाशी चांगुणाबाई उभी राहून लेकरू घेतलेल्या प्रत्येक बाईला सांगत होती, "बाई, आत बर्फ हाय. माझी पोर गेली. दवाखान्यात ने." बाया लेकरावर पदर ओढून तिला वळसा घालून आत जात होत्या.

"अक्का, चल. कुणी ऐकंना," भीमराज म्हणाला.

"ठावं हाय," ती म्हणाली आणि पुढच्या बाईकडं वळली.

सांगणं एवढंच आहे: ताप आला तर दवाखाना गाठा, औषध अर्ध्यात सोडू नका, आणि चमत्कार दिसला तर त्याचं बूच काढून बघा. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चांगुणाबाईनं हेच सांगितलं. एकही बाई माघारी फिरली नाही.