खोट्या हौशीरामाचे खरे डोळे

मित्रांनो, चेहऱ्याचे फोटो काढणारे माझे भाऊबंद तुमच्या खिशातच असतात. मी मात्र डोळ्याच्या आतला पडदा टिपणारा जुना कॅमेरा. पुण्याच्या दवाखान्यात माझी मोठी ऐट होती. नवं यंत्र आलं, तशी माझी रवानगी शिबिराच्या गाडीत झाली. खाचखळग्यांनी माझे स्क्रू ढिले केले, पण नजर अजून शाबूत आहे.

माणसानं माझ्यापुढे हनुवटी टेकवली की मला पडद्यावरच्या रक्ताच्या शिरा दिसतात. एकाच्या दुसऱ्यासारख्या कधीच नसतात. त्या जिथून फुटतात, तिथं डोळ्याच्या नसेचं फिकट वर्तुळ असतं. त्यातला वाटीसारखा खळगा वाढत गेला, तर काचबिंदूची शंका. हा रोग कडेची नजर आधी खातो आणि बहुधा दुखत नाही, म्हणून माणसं त्याला जुमानत नाहीत.

कारखान्याला ट्रॅक्टरनं ऊस वाहणारा हौशीराम गेल्या वर्षी ओतूरच्या शिबिरात आला होता. वाटी मोठी दिसली. डॉक्टर प्रतिभाबाईंनी पुढची तपासणी सांगितली, तर गडी फिरकलाच नाही! यंदा बायकोनं हट्ट धरला. दोष निघाला तर ट्रॅक्टर चालवणं सुटेल या भीतीनं त्यानं आपल्या नावाची चिठ्ठी देऊन चुलतभाऊ गोरखला माझ्यापुढे धाडलं आणि स्वतः चहाच्या टपरीवर बसला.

बाईंनी दोन्ही वर्षांचे फोटो शेजारी लावले. "शिरांची वळणंच बदललीत की!"

"वरीस झालं ना, म्याडम," गोरख म्हणाला. "वढा बी वाट बदलतो."

"ओढा बदलतो, शिरा नाही. हौशीरामांच्या घरचं कोणी आहे का?"

चष्म्याच्या रांगेतली साळुबाई पदर खोचत उठली. "ह्यो हौशीराम? ह्याच्यासंगं मी लगीन न्हाई लावलं, बाई!"

खरा हौशीराम टपरीवरून आणला गेला. "मी सुईत दोरा ओवतो, राव!"

"सुई म्होरं आसती," साळुबाई म्हणाली. "परवा डाव्या अंगाची मोटारसायकल दिसली का? ती माणसं उसात शिरली म्हनून वाचली."

हौशीरामानं माझ्यापुढे हनुवटी टेकवली. मी फोटो काढला. वाटी आणखी वाढली होती, काठावरच्या शिरा वाकल्या होत्या.

"गेलेली नजर परत येत नाही," बाई म्हणाल्या. "राहिलेली राखता येते. आजच पुढच्या तपासणीला चला. तोवर ट्रॅक्टर बंद."

"मंग फडातला ऊस कोण न्हेणार?"

साळुबाईनं गोरखकडे बोट केलं. "ह्यो हाय की! सकाळपास्नं हौशीराम झालाय."

मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. काम झालं की माझ्या भिंगावर झाकण घाला. घरातल्या चाळिशी उलटलेल्यांना वेळच्या वेळी माझ्यापुढे बसवा. आणि बसल्यावर, कृपा करून, पापणी मिटू नका. सगळे नेमकी तेव्हाच मिटतात.